वाढत्या मापाचं धनुष्य घेऊ नका

पत्र

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सुट्टीतल्या शिबिरात तिने तिरंदाजी केली आणि तेव्हापासून तिला स्वतःचं धनुष्य हवंय. काही महिने झाले, हट्ट उतरलेला नाही, म्हणून क्लबात नाव घातलं. घरात मात्र एकमत होत नाही. तिच्या बाबांना कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, घ्यावंसं वाटतं, कारण ते ओढून धरायला सोपं असतं असं त्यांनी ऐकलंय. आजोबा म्हणतात, घ्यायचंच तर जरा मोठं आणि दणकट घ्या, म्हणजे पुढची चार-पाच वर्षं बघायला नको. दुकानात २४ पाउंडांचं एक सुंदर लाकडी धनुष्य दाखवलं. तिला फार आवडलं, पण ओढताना ती मागे वाकत होती. दुकानदार म्हणाले, होईल सवय. आणखी एक, ती उजव्या हाताने लिहिते, तरी शिबिरातल्या सरांनी तिला डावखुरं धनुष्य दिलं होतं, ते का हे कळलं नाही. धाकटा चार वर्षांचा आहे, तोही 'मला पण' म्हणतोय. काय घ्यावं?

एक आई

उत्तर

तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यापाशी मी थांबले. 'ओढताना ती मागे वाकत होती.' तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. ते धनुष्य घेऊ नका. कितीही सुंदर असलं तरी नको, आणि 'होईल सवय' या भरवशावर तर मुळीच नको. सवय होते हे खरं, पण ती चुकीचं ओढण्याची होते. ती मोडायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

न झेपणारं धनुष्य हातात आलं की मूल काय करतं, ते क्लबात एकदा नीट बघा. आधी धनुष्य धरलेला हात आभाळाकडे जातो, कारण वरून खाली आणता आणता ओढलं की अंगाचा भार वापरता येतो. मग कंबर पुढे येते, खांदे मागे जातात. ओढणारा खांदा कानाला टेकायला येतो आणि कोपर बाणाच्या रेषेत मागे जायचं सोडून खाली पडतं. दोरी हनुवटीपर्यंत पोचण्याआधीच बोटं सुटतात, कारण धरवत नाही. बाण कुठे गेला हे मुलालाही कळत नाही, चेहऱ्यावर फक्त 'सुटला एकदाचा' एवढंच असतं. शिवाय आभाळाकडे रोखलेलं असताना बोटं निसटली तर बाण टार्गेटच्या आणि मागच्या जाळीच्याही वरून जातो. म्हणजे हा नुसता शैलीचा प्रश्न नाही.

तिरंदाजीत एकच हालचाल तशीच्या तशी पुन्हा पुन्हा करायची असते. पाय, पाठ, खांदा, कोपर, हनुवटी, बोटं, सगळं दर बाणाला त्याच जागी यावं लागतं. ज्या मुलाची सगळी ताकद दोरी मागे आणण्यातच खर्च होते, त्याच्याकडे बाकी कशाकडे लक्ष द्यायला शिल्लक काही राहत नाही. आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या हाडांची टोकं, जिथून हाडं वाढतात ती, अजून कोवळी असतात. खांद्यावर रोज जास्तीचा ताण देणं त्या वयात बरं नव्हे.

आता तो २४ पाउंडांचा आकडा. धनुष्याच्या वरच्या आणि खालच्या लवचीक पात्यांना लिम्ब म्हणतात. खालच्या लिम्बवर आतल्या बाजूला '६२ इंच, २४ पाउंड, २८ इंच' असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. पहिला आकडा धनुष्याची लांबी. पुढच्या दोन आकड्यांचा अर्थ असा, की दोरी २८ इंचांपर्यंत ओढली तर २४ पाउंडांचा, म्हणजे जवळजवळ ११ किलोंचा जोर लागेल. क्लबात यालाच पाउंडेज म्हणतात. २८ इंच हे मोजण्यासाठी ठरवून घेतलेलं, मोठ्या माणसाला जुळणारं माप आहे. तुमची मुलगी तेवढी दोरी ओढणारच नाही. तिची ओढ, म्हणजे ड्रॉ लेंग्थ, २१ इंचांच्या आसपास असेल, आणि तिथे हेच धनुष्य १५ पाउंडांच्या आसपास भरेल. म्हणजे लिहिलेल्यापेक्षा बऱ्याच कमी जोरालाही ती मागे वाकत होती. तिच्यात काही कमी आहे असा याचा अर्थ अजिबात नाही. १५ पाउंड म्हणजे पावणेसात किलोंच्या वर. एवढं वजन तीन बोटांवर, हात खांद्याच्या उंचीला ठेवून, दर बाणाला ओढून धरायचं. तासाभराच्या सरावात ६० बाण मारले तर बेरीज ४०० किलोंच्या पुढे जाते.

तुमच्या मुलीसाठी लिम्बवर १४ ते १६ पाउंड लिहिलेलं धनुष्य बघा. तिच्या ओढीला ते साधारण ९-१० पाउंड होईल. ती अंगाने अगदी बारीक असेल तर १२ पाउंडांचंही चालेल. दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. काही लहान धनुष्यांवर पाउंडेज २८ ऐवजी कमी इंचांना मोजून लिहिलेलं असतं, तेव्हा इंचांचा आकडा वाचल्याशिवाय पाउंडांवर विश्वास ठेवू नका. आणि शंका वाटली तर मोजून घ्या. सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीच्या मध्यभागी अडकवायचा, तिच्या ओढीइतकं अंतर मागे आणायचं आणि आकडा वाचायचा. चांगल्या दुकानात किंवा क्लबात हे कोणीही करून देईल.

आकड्यांपेक्षाही भरवशाची परीक्षा तिच्या अंगावर दिसते. टार्गेटसमोर उभं राहून, बाण लावून, हात खांद्याच्या उंचीला ठेवून सरळ ओढायला सांगा. दोरी हनुवटीपाशी आली की तुम्ही मनात दहापर्यंत मोजा, आणि मग तिने बाण न सोडता दोरी सावकाश परत न्यायची. हात थरथरला नाही, खांदा चढला नाही, पाठ वाकली नाही आणि हे तिने दम खाऊन पाच-सहा वेळा तसंच केलं, तर ते धनुष्य तिचं. पहिल्या वेळी जमलं आणि चौथ्या वेळी हात थरथरला, तर दोन-चार पाउंड खाली या. तुम्हाला स्वतःला ते ओढून बघताना 'हे फारच हलकं आहे' असं वाटलं पाहिजे. १० पाउंडांचं धनुष्य ८-१० मीटरवरच्या टार्गेटला बाण व्यवस्थित पोचवतं, आणि सुरुवातीला याहून लांब मारायचं कारणही नसतं. ऑलिम्पिकचे तिरंदाज ७० मीटरवरून मारतात, त्यांची धनुष्यं ४० ते ५० पाउंडांची असतात, पण त्यामागे वर्षानुवर्षांची चढती तयारी असते.

आजोबांचं म्हणणं मी समजू शकते. वाढत्या वयात कपडे वाढत्या मापाचे घ्यावेत हे शहाणपणाचंच. सैल सदऱ्याची बाही दुमडता येते, धनुष्याचा जोर दुमडता येत नाही. पण त्यांची काळजी सोडवण्याचा सरळ मार्ग आहे. टेकडाउन रिकर्व्ह घ्या. रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं, बिनचाकांचं साधं धनुष्य, आणि टेकडाउन म्हणजे सुटं करता येणारं. यात मधला मुठीचा भाग, म्हणजे रायझर, वेगळा असतो आणि दोन लिम्ब स्क्रूने त्यावर बसतात. मुलीची ताकद वाढली की रायझर तोच ठेवून फक्त लिम्बची जोडी बदलायची. बऱ्याच लाकडी टेकडाउनमध्ये थोड्या लांब लिम्ब बसवून धनुष्याची लांबीही वाढवता येते. बदलताना एका वेळी दोन ते चार पाउंडांच्या वर उडी घेऊ नका. जुन्या लिम्ब क्लबात दुसऱ्या मुलाच्या कामी येतात, आणि बऱ्याच क्लबांत अशी अदलाबदल सतत चालू असते. घेण्याआधी एक विचारा, की याच रायझरला बसणाऱ्या दुसऱ्या जोराच्या लिम्ब नंतर मिळतील का. 'नाही' किंवा 'बघू' असं उत्तर आलं तर दुसरं बघा.

यापुढची पायरी आयएलएफ या प्रमाणित जोडणीच्या रायझरची. त्यावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या लिम्ब बसतात आणि त्याच लिम्बवर पाउंडेज थोडं कमी-जास्त करता येतं. चांगली गोष्ट आहे, पण धातूचा रायझर नऊ वर्षांच्या हाताला पटकन जड होतो. ओढण्याचा जोर झेपला तरी धनुष्याचं स्वतःचं वजन ते धरलेल्या हाताला लोंबायला लावतं. वर्षभर मन लावून सराव झाला की मग याचा विचार करा. आत्ता लाकडी रायझरच बरा.

लांबीचं माप घरीच घ्या. तिला भिंतीला पाठ लावून उभं करा, दोन्ही हात आडवे पसरायला सांगा, छाती पुढे न काढता. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत भिंतीवर पेन्सिलीने खुणा करा. ते अंतर इंचांत मोजून अडीचने भागा. ५२ इंच आले तर तिची ओढ साधारण २१ इंच. हा ढोबळ हिशोब आहे, नेमकं माप पुढे सराव करताना ठरत जातं, पण खरेदीला एवढं पुरतं. २० इंचांपर्यंत ओढ असेल तर ५४ इंचांचं धनुष्य, २२ पर्यंत ५८, २४ पर्यंत ६२, असं धरून चाला. निरनिराळ्या तक्त्यांत एखाददोन इंचांचा फरक दिसेल, त्याने बिघडत नाही. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लांबीच्या बाबतीत मोठ्याकडे झुकायला हरकत नाही. आजोबांचं इथे मी ऐकेन. लांब धनुष्यात दोरीचा कोन मोकळा राहतो, बोटं चिमटत नाहीत, ओढ गुळगुळीत लागते. फक्त खालचं टोक पायाला किंवा जमिनीला लागत नाही ना, ते बघा.

कंपाउंडबद्दल बाबांनी ऐकलंय ते खोटं नाही. चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर बराचसा भार उतरतो, पुष्कळ कंपाउंडमध्ये ६५ ते ८० टक्के. पण तो उतरण्याआधी पूर्ण जोराचा टप्पा ओलांडावाच लागतो, आणि लहान मूल अडखळतं ते तिथेच. शिवाय ओढीची लांबी चाकांवर ठरवून दिलेली असते. मूल दोन इंच वाढलं की ती पुन्हा बसवून घ्यावी लागते, आणि दोरी बदलण्यासारख्या कामांना खास साधन आणि जाणकार हात लागतो. ज्यात भार उतरतच नाही आणि म्हणून कुठल्याही उंचीच्या मुलाला चालतं असंही कंपाउंड असतं. जेनेसिस त्यातलं प्रसिद्ध. १० ते २० पाउंड आणि १५ ते ३० इंच ओढ एकाच धनुष्यात बसते. अमेरिकेत २००२ साली केंटकी राज्यातून सुरू झालेला शालेय तिरंदाजीचा मोठा कार्यक्रम याच धनुष्यावर उभा राहिला. तुमच्या क्लबात मुलांना तेच शिकवत असतील तर ते घ्यायला माझी ना नाही, पाउंडेज खालच्या टोकाला ठेवा म्हणजे झालं.

क्लबात रिकर्व्ह असेल तर मात्र रिकर्व्हच. लहान वयात हे साधं धनुष्य शरीराला खरं शिकवतं. ओढ अर्धवट राहिली, बोटं ओढून सोडली, हात हलला, तर बाण ते लगेच दाखवून देतो. ऑलिम्पिकमध्ये १९७२ पासून रिकर्व्हच चालत आलं. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या स्पर्धेत कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा येते आहे, तेव्हा पुढे तिला कंपाउंडकडे वळावंसं वाटलं तर तोही रस्ता मोठा आहे. आणि रिकर्व्हवर शिकलेली पाठ तिथेही उपयोगी पडते.

डाव्या-उजव्याचं कोडं सोपं आहे. शिबिरातल्या सरांनी बहुतेक हात न बघता डोळा बघितला. जसा एक हात पुढे असतो तसा आपला एक डोळाही नेम धरण्यात पुढाकार घेतो, आणि तो लिहित्या हाताच्याच बाजूचा असेल असं नाही. दोरी ज्या बाजूला ओढायची तिथलाच डोळा पुढाकार घेणारा असेल तर दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. घरी तपासा. एका कागदाला मध्ये नाण्याएवढं भोक पाडा. तिने दोन्ही हात लांब करून कागद धरायचा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून भोकातून तुमचं नाक बघायचं. तुम्ही समोर काही पावलांवर उभ्या राहा. भोकात तिचा जो डोळा तुम्हाला दिसेल तोच नेमाचा डोळा. मुलं पहिल्यांदा गडबडतात, एक डोळा मिटतात, तेव्हा काही दिवसांनी पुन्हा करून बघा. दरवेळी डावाच आला तर डावखुरं धनुष्य घ्या. डावखुरं म्हणजे जे उजव्या हातात धरायचं आणि डाव्या हाताने ओढायचं ते. दुकानात याची उलटापालट फार होते, म्हणून 'दोरी कुठल्या हाताने ओढायची' असं स्पष्ट विचारा. नवशिकी मुलगी तिरंदाजीत अजून कुठल्याच बाजूला पक्की झालेली नसते, तिला डावीकडून शिकणं जड जात नाही. डोळा कधी हा कधी तो येत असेल तर हात महत्त्वाचा, मग तिला सोयीचं वाटेल ते.

बाणांकडे पालक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि खरा धोका तिथे असतो. बाण मुलीच्या ओढीपेक्षा किमान तीन इंच लांब हवा. २१ इंच ओढ असेल तर २४ इंचांचा, २५ असला तर आणखी बरा. आखूड बाण पूर्ण ओढल्यावर रेस्टच्या, म्हणजे बाण टेकतो त्या आधाराच्या, मागे घसरतो, आणि तसाच सुटला तर धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. मुलं वाढतात, बाण वाढत नाहीत. म्हणून दर काही आठवड्यांनी ती ओढून धरते तेव्हा बाजूने बघा, बाणाचं टोक धनुष्याच्या पुढे किती उरतं. दीड-दोन इंचांच्या आत आलं की ते बाण बाजूला काढा, धाकट्यासाठी ठेवा हवं तर, पण तिला देऊ नका.

बाणाचा ताठपणाही जुळावा लागतो. त्याला स्पाइन म्हणतात. २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर बाण ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगतात आणि तो किती वाकला ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. म्हणजे १००० स्पाइनचा बाण एक इंच वाकतो. आकडा मोठा तितका बाण लवचीक. हलक्या धनुष्याला लवचीक बाण लागतो. मोठ्या माणसाचा ताठ बाण कापून मुलीला दिला तर तो एका बाजूला जात राहतो, आणि बिचारीला वाटतं आपलंच चुकतंय. पहिले सहा बाण एकाच लांबीचे, एकाच जातीचे घ्या. ॲल्युमिनियमचे किंवा फायबरग्लासचे सुरुवातीला ठीक, कार्बनचे नंतर. कार्बनचा बाण कुठे आपटला की प्रत्येक वेळी हलकेच वाकवून, पिळून तपासावा लागतो. चरचर ऐकू आली किंवा चीर दिसली तर तो मोडून टाकायचा, कारण तडकलेला कार्बन सुटताना हातातच फुटू शकतो.

बाकीचं सामान थोडकं आहे. हाताला दोरी लागू नये म्हणून आर्म गार्ड, बोटांसाठी तिच्या मापाचा फिंगर टॅब, कमरेचा भाता, सैल कपडे दोरीत अडकू नयेत म्हणून चेस्ट गार्ड, आणि दोरी चढवायचा स्ट्रिंगर. स्ट्रिंगर टाळू नका. पायात अडकवून धनुष्य वाकवण्याची जुनी पद्धत लिम्ब पिळते, आणि एकदा पिळलेली लिम्ब सरळ होत नाही. साइट (नेमाची खूण), स्टॅबिलायझर (तोल राखणारा दांडा), क्लिकर (ओढ पुरी झाली की वाजणारी पट्टी) यातलं काहीही आत्ता नको. पण रायझरमध्ये ते नंतर बसवण्यासाठी पितळी आटे असलेली भोकं आहेत का ते बघून घ्या.

कोणी वापरलेलं धनुष्य देत असेल तर आनंदाने घ्या. दोरी चढवून मागच्या बाजूने एका डोळ्याने बघा, दोरी दोन्ही लिम्बच्या बरोबर मधून गेलेली दिसली पाहिजे. कापसाचा बोळा लिम्बच्या कडांवरून फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे चीर किंवा सुटलेला थर आहे, ते धनुष्य नको. दोरी मात्र नवीनच घाला, आणि ती लिम्बच्या टोकांना सोसेल अशी आहे का हे विचारा. साध्या लाकडी धनुष्याला डेक्रॉनची, म्हणजे थोड्या ताणल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची, दोरी बरी, कमी ताणल्या जाणाऱ्या आधुनिक धाग्याची दोरी काही लिम्बची टोकं फोडते.

घरी नियम मोजके ठेवा आणि ते सगळ्यांना सारखे लावा, पाहुण्यांनासुद्धा. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, कधीच नाही. बाणात जाणारी सगळी शक्ती तेव्हा लिम्बमध्येच फिरते, लिम्ब तडकतात. बाण लावलेलं धनुष्य टार्गेटशिवाय कुठेही वळवायचं नाही. मोठं माणूस जवळ नसेल तर धनुष्याला दोरी चढलेली नसावी. केस बांधलेले, गळ्यातली साखळी काढलेली. हलक्या धनुष्याचा बाणही टार्गेट चुकला तर बराच लांब जातो आणि माणसाला जखमी करतो, म्हणून मागे जाळी किंवा भक्कम आडोसा नसेल अशा अंगणात, गच्चीवर सराव नको. क्लबातच होऊ दे. तिथे शिट्ट्यांची भाषा तिला आधीच पाठ करून द्या. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण आणायला जा. पाच किंवा सलग वाजत राहिल्या तर आहे तिथे थांबा, ओढलेली दोरी बाण न सोडता सावकाश परत न्या. बाण आणायला जाताना पळायचं नाही, कारण टार्गेटमधून बाहेर आलेली बाणांची मागची टोकं नेमकी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला असतात. आणि बाण उपसताना एक हात टार्गेटवर, दुसरा बाणाच्या मुळाशी, आणि आपल्या मागे कोणी उभं नाही ना हे बघून मगच ओढायचं.

खरेदीची घाई करू नका. बहुतेक क्लबांत नवशिक्यांसाठी धनुष्यं असतात. पहिले काही आठवडे तिने त्यावरच मारू दे आणि तिथल्या प्रशिक्षकांना तिची ओढ, पाउंडेज आणि बाजू लिहून द्यायला सांगा. तोवर तिला काहीतरी स्वतःचं हवं असेल तर आर्म गार्ड, टॅब आणि भाता घेऊन द्या. ते तिच्याच मापाचं लागतं आणि धनुष्य कितीही जोराचं आलं तरी उपयोगी पडतं. मुलीला रंग निवडू द्या, दोरीचा, बाणांच्या पिसांचा. पाउंडेज तिला निवडू देऊ नका, मुलं नेहमी शेजारच्यापेक्षा दोन पाउंड जास्तच मागतात. दुकानातलं ते लाकडी धनुष्य तिला फारच आवडलं असेल तर तेच १४ किंवा १६ पाउंडांच्या लिम्बमध्ये मिळतं का विचारा. पुष्कळ मॉडेलं वेगवेगळ्या जोरात मिळतात, आणि तसं असेल तर सगळ्यांचंच मन राखलं जाईल.

धाकट्याबद्दल. चार वर्षांच्या मुलाला खरं टोक असलेला बाण नको. रबराची चकती लावलेल्या बाणांचं खेळण्यातलं धनुष्य द्या, काचेवर किंवा गुळगुळीत फळीवर चिकटणारं. माणसांवर, प्राण्यांवर रोखायचं नाही हा नियम त्यालाही तितकाच कडक, कारण रबरी टोकसुद्धा डोळ्याला इजा करतं. ताईचं धनुष्य त्याच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नका. सराव झाला की दोरी उतरवून ते आडवं किंवा टांगून, उन्हापासून लांब ठेवा, कोपऱ्यात भिंतीला टेकवून नको. बाण वेगळ्या कपाटात, कुलपात ठेवा.